आयटिल फाउंडेशन: चाळीस प्रश्नांचा अभ्यास कसा करावा

हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत काम करणारे सगळेच जण प्रोग्राम लिहीत नाहीत. बरेच जण सपोर्टमध्ये असतात. परदेशातल्या एखाद्या बँकेचे सर्व्हर चालू आहेत ना यावर नजर ठेवायची, कुणाचा ईमेल उघडत नसेल तर तिकीट नोंदवायचं, रात्रपाळीत फोन वाजला की काय बिघडलंय ते शोधायचं, असं त्यांचं काम. बीएस्सी, बीसीए किंवा इंजिनिअरिंग करून नुकत्याच लागलेल्या मुलामुलींची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते. वर्षभर झालं की टीम लीड सांगतो, "आयटिल करून घे." नोकरीच्या जाहिरातींतही 'आयटिल सर्टिफिकेट असल्यास प्राधान्य' अशी ओळ असते.

मग घाईघाईने अभ्यास सुरू होतो. कुणीतरी पाठवलेली पीडीएफ उघडली जाते, व्याख्यांमागून व्याख्या पाठ केल्या जातात, आणि परीक्षेला बसल्यावर चारपैकी दोन पर्याय अगदी सारखे वाटू लागतात. यात स्मरणशक्तीचा दोष नसतो. ही परीक्षा व्याख्या आठवते का एवढंच बघत नाही. जवळजवळच्या दोन गोष्टींतला फरक उमेदवाराला कळतो का, हे ती अधिक तपासते. हे ओळखून अभ्यास केला तर ती अवघड नाही, आणि त्या अभ्यासाचा उपयोग रोजच्या शिफ्टमध्येही होतो.

ही परीक्षा आली कुठून

१९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या खात्यांमध्ये संगणकांवरचा खर्च वाढत चालला होता आणि प्रत्येक खातं आपापल्या पद्धतीने ते सांभाळत होतं. तेव्हा सीसीटीए, म्हणजे सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी, या सरकारी संस्थेने चांगल्या कार्यपद्धती गोळा करून पुस्तकरूपाने मांडायला घेतल्या. १९८९ पासून ही पुस्तकं निघू लागली आणि पहिल्या मालिकेत त्यांची संख्या तीसच्या वर गेली. 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी' हे तिचं नाव. त्याची आद्याक्षरं जोडून आयटिल. २००७ मध्ये तिसरी आवृत्ती पाच ग्रंथांत आली, २०११ मध्ये ती सुधारली गेली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आयटिल ४ चं फाउंडेशन पुस्तक आलं. मालकीही बदलत गेली. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकार आणि कॅपिटा यांनी मिळून ॲक्सेलॉस ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती पीपलसर्टने विकत घेतली. आज परीक्षा पीपलसर्टच घेते.

आयटिल हा कायदा नाही आणि तांत्रिक प्रमाणही नाही. चांगल्या कामकाजाचं ते मार्गदर्शन आहे. प्रत्येक संस्थेने त्यातलं आपल्याला लागेल तेवढं घ्यावं अशीच अपेक्षा असते. आयटिलचं प्रमाणपत्र व्यक्तीला मिळतं. संस्थेला आपल्या सेवाव्यवस्थेचं प्रमाणपत्र हवं असेल तर त्यासाठी आयएसओ/आयईसी २०००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. मुलाखतीत हा फरक विचारला जातो, म्हणून तो पक्का असावा.

गुण कुठे आहेत

आयटिल ४ फाउंडेशनच्या परीक्षेत ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि एक गुण. ४० पैकी २६, म्हणजे ६५ टक्के मिळाले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पुस्तक बघायची मुभा नाही. परीक्षेला बसण्यासाठी पदवीची किंवा अनुभवाची अट नाही. ज्यांची मातृभाषा किंवा कामकाजाची भाषा परीक्षेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे त्यांना २५ टक्के जादा वेळ, म्हणजे एकूण ७५ मिनिटं मिळू शकतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी नोंदणी करतानाच याची चौकशी करावी.

अभ्यासक्रमात गुणांची वाटणी ठरलेली आहे आणि तयारीचा आराखडा तिच्यावरूनच आखायला हवा. सेवा, मूल्य, ग्राहक या मूळ कल्पनांवर ५ प्रश्न. सात मार्गदर्शक तत्त्वांवर ६. सेवेच्या चार बाजूंवर २, सेवा मूल्य व्यवस्थेवर १ आणि सेवा मूल्य साखळीवर २. उरले २४, आणि ते सगळे प्रॅक्टिसेसवर, म्हणजे एखादं ठरावीक काम पार पाडण्यासाठी संस्थेने उभ्या केलेल्या व्यवस्थांवर.

आयटिल ४ मध्ये एकूण ३४ प्रॅक्टिसेस आहेत, पण फाउंडेशनला त्यांतल्या १५ च येतात. त्यातही सात खोलात जाऊन विचारल्या जातात आणि एकट्या त्या सातांवर १७ प्रश्न असतात: कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट, चेंज एनेबलमेंट, इन्सिडेंट मॅनेजमेंट, प्रॉब्लेम मॅनेजमेंट, सर्व्हिस रिक्वेस्ट मॅनेजमेंट, सर्व्हिस डेस्क आणि सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंट. बाकीच्या आठांचा उद्देश आणि त्यांतल्या काही संज्ञा माहीत असल्या की पुरे.

हिशोब करून बघा. सात प्रॅक्टिसेसचे १७, उरलेल्यांचे व संज्ञांचे ७ आणि तत्त्वांचे ६ मिळून ३० होतात. उत्तीर्ण व्हायला २६ लागतात. तरीही पुष्कळ जण पुस्तक पहिल्या पानापासून वाचत सुटतात, मूल्य साखळीच्या आकृतीत चार संध्याकाळी घालवतात आणि इन्सिडेंट-प्रॉब्लेमपर्यंत पोचतात तेव्हा परीक्षा दोन दिवसांवर आलेली असते. वेळ गुणांच्या प्रमाणात वाटला पाहिजे.

एका शुक्रवारची घटना

संज्ञा डोक्यात बसवायच्या तर त्या खऱ्या घटनेला लावून बघाव्यात. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार त्यासाठी उत्तम आहे.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटं अपडेट जगभर पाठवलं. ते ज्या विंडोज संगणकांवर पोचलं ते निळी स्क्रीन दाखवून बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. विमानतळ, रुग्णालयं, बँका अडल्या. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं, पण बंद पडलेले संगणक आपोआप उठले नाहीत.

आता यात आयटिल बघा. पाठवलेलं अपडेट हा चेंज होता. सेवेवर परिणाम करू शकेल अशा कुठल्याही गोष्टीत भर घालणं, फेरफार करणं किंवा ती काढून टाकणं म्हणजे चेंज. संगणक बंद पडून सेवा थांबली, तो इन्सिडेंट. सेवेत अनपेक्षित खंड पडणं किंवा तिचा दर्जा घसरणं म्हणजे इन्सिडेंट, आणि त्याचा परिणाम फार मोठा असेल तर त्याला मेजर इन्सिडेंट म्हणून वेगळी वागणूक मिळते. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती सदोष फाइल हाताने काढायची, हा उपाय काही तासांत जगभर पसरला. हा वर्कअराउंड: मूळ दोष दुरुस्त झालेला नाही, पण त्याचा त्रास कमी झाला.

मूळ दोष काय होता? कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ ला कारणमीमांसा प्रसिद्ध केली. अपडेटच्या साच्यात २१ माहितीच्या जागा होत्या आणि सॉफ्टवेअर प्रत्यक्षात २० च पुरवत होतं. एकविसाव्या जागेकडे बघायला गेलेलं सॉफ्टवेअर स्मृतीतल्या भलत्याच ठिकाणी पोचलं आणि संगणक कोसळला. असं कारण म्हणजे आयटिलच्या भाषेत प्रॉब्लेम: एका किंवा अनेक इन्सिडेंट्सचं खरं किंवा संभाव्य कारण. प्रॉब्लेमचं विश्लेषण झालं आहे, पण तो अजून सोडवलेला नाही, अशा अवस्थेला नोन एरर म्हणतात.

हा क्रम समजला की तीन प्रॅक्टिसेसची कामं आपोआप वेगळी होतात. इन्सिडेंट मॅनेजमेंटचा उद्देश सेवा शक्य तितक्या लवकर पूर्ववत करणं. कारण शोधत बसणं हा त्याचा हेतू नाही. प्रॉब्लेम मॅनेजमेंटचा उद्देश कारणं शोधून इन्सिडेंट्सची शक्यता आणि त्यांचा परिणाम कमी करणं. आणि चेंज एनेबलमेंटचा उद्देश बदल अडवणं नसून जास्तीत जास्त बदल यशस्वी करणं. त्यासाठी धोका तपासायचा, योग्य व्यक्तीकडून मंजुरी घ्यायची आणि बदलांचं वेळापत्रक सांभाळायचं.

त्या शुक्रवारी आणखी एक गोष्ट दिसली. ज्या संगणकांची डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती, तिथे सेफ मोडमध्ये जायला रिकव्हरी की लागत होती. ती कुठे ठेवली आहे हे ज्या संस्थांना चटकन सापडलं त्या लवकर सावरल्या. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट नावाची प्रॅक्टिस कशासाठी असते हे यावरून कळतं: सेवा चालवण्यासाठी ज्या घटकांचं व्यवस्थापन करावं लागतं त्यांची आणि त्यांच्या परस्परसंबंधांची खात्रीलायक माहिती लागेल तेव्हा हाताशी असावी.

मूल्याची मांडणी

मूळ कल्पनांवरच्या पाच प्रश्नांत काही जोड्या येतात. त्यांत गोंधळ होतो, म्हणून त्यांच्याकडे नीट बघू.

पहिली जोडी युटिलिटी आणि वॉरंटी. सेवा काय करते, म्हणजे ती गरज भागवते का, ही युटिलिटी. ती ते काम ठरल्याप्रमाणे, पुरेशा क्षमतेने, सुरक्षितपणे आणि खंड न पडता करते का, ही वॉरंटी. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांचं तत्काळ आरक्षण सकाळी दहाला उघडतं. संकेतस्थळावर तिकीट काढता येतं, ही युटिलिटी. पण दहाच्या ठोक्याला झुंबड उडाल्यावर पान उघडलंच नाही, तर कमी पडली ती वॉरंटी. आयटिलचं म्हणणं असं की मूल्य निर्माण व्हायला दोन्ही लागतात. परीक्षेत उपलब्धता, क्षमता, सुरक्षा किंवा सातत्य यांबद्दल वाक्य दिसलं की उत्तर वॉरंटीकडे झुकतं.

दुसरी जोडी आउटपुट आणि आउटकम. एखाद्या कृतीतून जे तयार होतं ते आउटपुट, आणि त्यामुळे संबंधित माणसाला जे साध्य होतं ते आउटकम. पगारपत्रकाची फाइल तयार झाली, हा आउटपुट. कर्मचाऱ्यांच्या खात्यात वेळेवर पगार पडला, हा आउटकम. सपोर्टमध्ये आपण पुष्कळदा पहिल्यावरच थांबतो आणि ग्राहकाला मात्र दुसरा हवा असतो.

तिसरी जोडी खरं तर तिघांची आहे: कस्टमर, युजर आणि स्पॉन्सर. सेवेच्या अपेक्षा ठरवून तिच्या आउटकमची जबाबदारी घेतो तो कस्टमर, ती वापरतो तो युजर आणि खर्चाला मंजुरी देतो तो स्पॉन्सर. छोट्या दुकानात हे तिन्ही एकच माणूस असू शकतो, मोठ्या बँकेत तिघं वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात. प्रश्नात भूमिका विचारलेली असते, म्हणून पदनाम बाजूला ठेवून तो माणूस काय करतोय ते वाचावं.

सात तत्त्वं

सहा गुणांची सात तत्त्वं अशी: मूल्यावर लक्ष ठेवा, आहात तिथून सुरुवात करा, टप्प्याटप्प्याने, प्रतिसाद घेत पुढे जा, एकत्र काम करा आणि काम सर्वांना दिसू द्या, समग्र विचार करा, काम सोपं आणि व्यवहार्य ठेवा, आधी सुधारा, मग स्वयंचलित करा. परीक्षा इंग्रजीत देणार असाल तर त्यांची इंग्रजी नावं जशीच्या तशी ओळखता आली पाहिजेत.

यांतल्या काही तत्त्वांमध्ये प्रश्न विचारण्याजोगी खोली आहे. 'आहात तिथून सुरुवात करा' म्हणजे नवं तिकीट सॉफ्टवेअर आणताना जुन्यातलं काय चांगलं चाललंय ते आधी प्रत्यक्ष जाऊन बघा. फक्त अहवालांवर विसंबू नका. 'टप्प्याटप्प्याने पुढे जा' याचा अर्थ मोठं काम छोट्या, आटोपशीर तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर प्रतिसाद घ्या. 'सोपं ठेवा' म्हणजे ज्या पायरीने कुणाचाच फायदा होत नाही ती काढून टाका. शेवटच्या तत्त्वातला क्रम महत्त्वाचा आहे. मुळात चुकीची असलेली पद्धत स्वयंचलित केली तर चूक फक्त वेगाने होते, म्हणून सुधारणा आधी आणि ऑटोमेशन नंतर.

सेवेच्या चार बाजू म्हणजे संस्था व माणसं, माहिती व तंत्रज्ञान, भागीदार व पुरवठादार, मूल्य प्रवाह व प्रक्रिया. सेवा मूल्य व्यवस्थेचे पाच घटक म्हणजे तत्त्वं, गव्हर्नन्स, मूल्य साखळी, प्रॅक्टिसेस आणि सतत सुधारणा. मूल्य साखळीतल्या सहा कृती: प्लॅन, इम्प्रूव्ह, एंगेज, डिझाइन अँड ट्रान्झिशन, ऑब्टेन किंवा बिल्ड, डिलिव्हर अँड सपोर्ट. या सगळ्यावर मिळून पाचच गुण असल्याने याद्या लक्षात ठेवून पुढे सरकावं.

फसवणाऱ्या जोड्या

चोवीस गुणांच्या विभागात चूक होते ती बहुतेक वेळा पुढच्या जोड्यांमध्ये.

इन्सिडेंट आणि सर्व्हिस रिक्वेस्ट. प्रिंटर बंद पडला, हा इन्सिडेंट. नवा टोनर हवा, ही रिक्वेस्ट. रिक्वेस्टमध्ये काही बिघडलेलं नसतं. सेवेचा ठरलेला, नेहमीचा भाग म्हणून युजर काहीतरी मागतो. नवं ॲक्सेस, माहिती, पासवर्ड बदलणं आणि सेवेबद्दलची तक्रार किंवा शाबासकीसुद्धा यातच येते. अशा मागण्यांच्या पायऱ्या आधीच ठरलेल्या असतात, म्हणून त्या शक्य तितक्या प्रमाणित आणि स्वयंचलित करायच्या.

स्टँडर्ड, नॉर्मल आणि इमर्जन्सी चेंज. कमी धोक्याचा, नीट समजलेला आणि आधीच मंजूर झालेला बदल स्टँडर्ड. दर वेळी नवी मंजुरी लागत नाही. ज्याचा धोका तपासून, त्या प्रकारासाठी नेमलेल्या व्यक्तीकडून मंजुरी घ्यावी लागते तो नॉर्मल. तातडीने करावा लागणारा तो इमर्जन्सी. त्यातही शक्य तेवढी तपासणी होते, फक्त वेगाने. इमर्जन्सीत मंजुरी लागतच नाही, असा पर्याय दिसला तर त्याला भुलू नका.

रिलीज आणि डिप्लॉयमेंट. नवं किंवा बदललेलं सॉफ्टवेअर चालत्या यंत्रणेत नेऊन ठेवणं हे डिप्लॉयमेंट. ती नवी सोय वापरायला उपलब्ध करून देणं हे रिलीज. आज बसवलेली सोय पुढच्या महिन्यात खुली करता येते, म्हणून या दोन वेगळ्या प्रॅक्टिसेस आहेत.

आयटी ॲसेट आणि कॉन्फिगरेशन आयटेम. ज्याला आर्थिक मूल्य आहे असा घटक ॲसेट, आणि सेवा देण्यासाठी ज्याचं व्यवस्थापन करावं लागतं तो कॉन्फिगरेशन आयटेम. एकच सर्व्हर दोन्ही असू शकतो. प्रश्नात किंमत, परवाना, खरेदी ते विल्हेवाट असे शब्द आले की ॲसेट. घटकांचे परस्परसंबंध आले की कॉन्फिगरेशन.

इव्हेंट आणि इन्सिडेंट. यंत्रणेच्या अवस्थेत झालेला, दखल घेण्याजोगा बदल म्हणजे इव्हेंट. रात्रीचा बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेशही इव्हेंटच आहे. प्रत्येक इव्हेंट इन्सिडेंट नसतो.

सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंटमध्ये आयटिलच्या जगात प्रसिद्ध असलेली एक कल्पना येते, वॉटरमेलन एसएलए (एसएलए म्हणजे सेवेच्या दर्जाबद्दल ग्राहकाशी केलेला करार). अहवालात सगळे आकडे हिरवे, पण ग्राहक मनातून लालबुंद. महिन्यात सर्व्हर ९९ टक्क्यांहून जास्त वेळ चालू राहिला, हे खरं असतं. पण बंद पडला तो नेमका पगाराच्या दिवशी. म्हणून एसएलए ग्राहकाच्या आउटकमशी जोडलेला आणि सगळ्यांना समजेल अशा सोप्या भाषेत लिहिलेला असावा, असं आयटिल सांगतं.

सर्व्हिस डेस्कबद्दल एक गोष्ट परीक्षेपलीकडेही महत्त्वाची आहे. युजरसाठी सगळ्या आयटीशी संपर्काची ती एकच खिडकी असते, आणि तिथल्या माणसाकडून तंत्रज्ञानाइतकीच सहानुभूतीची, समजून घेण्याची आणि ग्राहकाचा व्यवसाय जाणण्याची अपेक्षा असते. कॉल घेणाऱ्या मुलामुलींच्या कामाला पुष्कळ कंपन्यांत दुय्यम समजलं जातं. आयटिल तसं समजत नाही. सेवेबद्दलचं युजरचं मत मोठ्या प्रमाणात याच खिडकीवर ठरतं.

प्रश्न कसे वाचावेत

प्रश्नांचे चार प्रकार असतात. साधा प्रश्न, गाळलेली जागा भरा, चार विधानांपैकी कोणती दोन बरोबर ते सांगा, आणि नकारार्थी प्रश्न, ज्यात 'नाही' हा अर्थ मोठ्या अक्षरांत दिलेला असतो. विधानांच्या प्रकारात ज्या एका विधानाबद्दल खात्री आहे ते आधी पकडावं, म्हणजे चारपैकी दोन पर्याय लगेच गळतात. गाळलेल्या जागेत प्रत्येक पर्याय वाक्यात घालून पूर्ण व्याख्या मनात वाचावी.

एक नमुना घेऊ. दर सोमवारी सकाळी एकच ॲप्लिकेशन हळू होतं. टीम दर वेळी सर्व्हर रीस्टार्ट करते. हे पुन्हा घडू नये म्हणून कोणती प्रॅक्टिस उपयोगी पडेल? घाईत वाचणारा 'ॲप्लिकेशन हळू होतं' यावर थांबून इन्सिडेंट मॅनेजमेंट निवडतो. पण प्रश्नाचा भार 'पुन्हा घडू नये' यावर आहे, म्हणून उत्तर प्रॉब्लेम मॅनेजमेंट. 'आत्ता लगेच कामाला लावायचंय' असं विचारलं असतं तर उत्तर बदललं असतं. प्रश्नात उद्देश कुठे सांगितलाय ते आधी शोधायचं, ही सवय दहा-बारा प्रश्न सोडवले की लागते.

'नेहमी', 'कधीच नाही', 'फक्त' असे टोकाचे शब्द असलेल्या पर्यायांकडे सावधपणे बघावं. आयटिल मार्गदर्शन असल्याने टोकाची सक्ती त्याच्या स्वभावात नाही. आणखी एक: तुमच्या कंपनीत काय चालतं ते परीक्षा विचारत नाही. तुमच्याकडे पासवर्डच्या तक्रारी इन्सिडेंट म्हणून नोंदत असतील, तरी उत्तर पुस्तकाप्रमाणेच द्यायचं. अनुभवी माणसं इथेच जास्त चुकतात.

तीन आठवड्यांचा बेत

नोकरी सांभाळून रोज तास-दीड तास दिला तर तीन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात मूळ कल्पना, सात तत्त्वं आणि छोटे विषय एकदा वाचून संपवावेत. दुसरा आठवडा पूर्ण सात मोठ्या प्रॅक्टिसेसना द्यावा आणि रोज एक संपवावी. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या आठ प्रॅक्टिसेसचे उद्देश, वरच्या जोड्या आणि सराव परीक्षा.

मुख्य पुस्तक 'आयटिल फाउंडेशन: आयटिल ४ एडिशन' हेच ठेवावं. त्यात ॲक्सल कार हायर या काल्पनिक, भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीची गोष्ट जागोजागी येते. कल्पना व्यवहारात कशा दिसतात ते तिच्यातून कळतं. अधिकृत नमुना प्रश्नपत्रिकांसोबत उत्तरांची कारणंही दिलेली असतात. बरोबर उत्तर का बरोबर याइतकंच बाकीचे तीन का चूक, हे त्या कारणांतून वाचावं. सराव परीक्षेत ४० पैकी ३२ च्या वर गुण सातत्याने येऊ लागले की तारीख घ्यायला हरकत नाही.

'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांपासून दूर राहा. तो नियमभंग आहे, आणि त्यातली उत्तरं चुकीची असली तर ती डोक्यातून काढायला जास्त श्रम पडतात. पैसे भरण्याआधी आपण कुठल्या आवृत्तीची परीक्षा देतोय आणि हातातलं पुस्तक त्याच आवृत्तीचं आहे ना, हे तपासा. कंपनी फी भरते का किंवा परत देते का, हे एचआरला विचारायला संकोच करू नका.

परीक्षा घरून ऑनलाइन देता येते. कॅमेऱ्यातून निरीक्षक बघत असतो, खोली आणि टेबल दाखवावं लागतं, ओळखपत्र लागतं आणि खोलीत दुसरं कुणी चालत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर परीक्षेचं सॉफ्टवेअर अडू शकतं, म्हणून स्वतःचा किंवा मित्राचा लॅपटॉप घेऊन त्यावर आदल्या दिवशी चाचणी करून बघा. रात्रपाळी संपवून थेट परीक्षेला बसू नका. प्रत्येक प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जा आणि शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं असते. ते टिकवण्यासाठी ती परीक्षा पुन्हा देणं, पीपलसर्टची पुढची परीक्षा देणं किंवा ठरलेल्या पद्धतीने व्यावसायिक विकासाचे गुण जमवणं, असे मार्ग आहेत. सपोर्टमध्येच पुढे जायचं असेल तर 'मॉनिटर, सपोर्ट अँड फुलफिल' हा अभ्यासक्रम बघावा. त्यात सर्व्हिस डेस्क, इन्सिडेंट, प्रॉब्लेम, सर्व्हिस रिक्वेस्ट आणि मॉनिटरिंग या पाच प्रॅक्टिसेस सविस्तर येतात.

या प्रमाणपत्राकडून काय अपेक्षा ठेवावी हेही स्पष्ट असावं. त्याने लिनक्स येणार नाही, नेटवर्क कळणार नाही, डेटाबेस दुरुस्त करता येणार नाही. ती कौशल्यं वेगळी कमवावी लागतात. आयटिलने मिळते ती कामाची समान भाषा. पुण्यातला मुलगा, पोलंडमधली सहकारी आणि लंडनमधला ग्राहक एका कॉलवर असतात आणि तिघंही 'प्रॉब्लेम' म्हणताना एकाच गोष्टीबद्दल बोलतात, तेव्हा रात्रीचे दोन तास वाचतात.

म्हणून सुरुवात पुस्तकाच्या आधी आपल्या कामापासून करा. गेल्या आठवड्यात तुमच्या हाताखालून गेलेली दहा तिकिटं उघडा आणि प्रत्येकापुढे लिहा: हा इन्सिडेंट, रिक्वेस्ट, प्रॉब्लेम की चेंज, आणि का. जिथे 'का' लिहिता येणार नाही, तिथून अभ्यासाला बसा. दहाही तिकिटांपुढे कारण लिहिता आलं की परीक्षेची तारीख नक्की करा.